जंतांसाठी ब्लड टेस्टचं पॅकेज घ्यायच्या आधी आमच्या आईचा अनुभव वाचा

पॅकेजला ५ पैकी २ स्टार देऊन राहिली आहे, आणि ते दोन पण सकाळी साडेसहाला नागपूरच्या मानेवाड्यात घरी येऊन आईचं रक्त एका टोचण्यात काढणाऱ्या पोरासाठी, कारण आईची शीर सापडत नाही आणि आधी दोन जागी तिचा हात काळानिळा झालेला होता. त्या पोराचा हात खरंच हलका. बाकी ३,४५० रुपयांच्या त्या "कृमी प्रोफाईल"नी आम्हाला आठ दिवसांची झोप उडवण्याशिवाय काही दिलं नाही. लॅबचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असे पॅकेज आता किती तरी जागी विकून राहिले आणि माझं भांडण एका दुकानाशी नाही, ज्या पद्धतीने हे विकतात त्याच्याशी आहे.

थोडं मागून सांगते. आई ६२ वर्षांची, पवनीकडे गावात राहते, धानाची शेती आहे. दरवर्षी रोवणीला बांधीत उतरते, गुडघ्याइतक्या चिखलात, अनवाणी, कारण चिखलात चप्पल टिकतच नाही. दिवाळीला आमच्याकडे आली तेव्हा आमच्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात तीनदा थांबली. चेहरा पिवळट, नखं पांढरी. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती म्हणजे ती येता-जाता तांदळाच्या डब्यात हात घालून कच्चे तांदूळ तोंडात टाकत होती. मी म्हटलं आई काहून खाते गं कच्चे, तर म्हणे "बरं वाटते बापा, कुरकुर वाटते". नंतर डॉक्टर म्हणाले की अंगातलं लोह खूप कमी झालं की काही लोकांना माती, भाजलेली खापरी, कच्चे तांदूळ, बर्फ असं काहीबाही खावंसं वाटतं. तुमच्या घरी कोणी असं खात असेल तर रागावू नका, आधी हिमोग्लोबिन पाहा.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी (त्यांना आम्ही सर म्हणतो) सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची टेस्ट, लिहून दिली. हिमोग्लोबिन ७.४. एमसीव्ही ६२, म्हणजे लाल पेशी नेहमीपेक्षा बारीक. पांढऱ्या पेशी ९,८०० आणि त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी १४ टक्के. गुणाकार केला तर १,३७२ होतात, आणि हा आकडा साधारण ५०० च्या आत पाहिजे. सरांनी विचारलं, काकू शेतात अनवाणी जाता का, परसाकडे कुठे जाता, गावात सगळ्यांकडे संडास आहे का. मग चिठ्ठीवर लिहिलं: स्टूल म्हणजे संडासची तपासणी, तीन वेळा, एक दिवस सोडून. सोबत फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, आणि आपल्या विदर्भात सिकलसेल बऱ्याच जणांना निघतो म्हणून त्याची एचपीएलसी टेस्ट पण.

इथे चूक आमची झाली. आई काही केल्या डबी घ्यायला तयार नाही. "मी नाई देत, मले लाज वाटते, जावयाच्या घरी का बापा असं" म्हणून अडून बसली. मी पण जास्त जोर दिला नाही, खरं सांगायचं तर मला पण नको वाटत होतं. मोबाईलवर शोधलं तर लगेच ते पॅकेज दिसलं, "पोटातले जंत, एका रक्ताच्या नमुन्यात पूर्ण तपासणी, घरपोच". मला वाटलं हे बरं आहे, रक्त दिलं की झालं, लाज नाही न् डबी नाही. आता विचार करते तर हे पॅकेज विकलंच जातं त्या लाजेवर. संडासची डबी घेऊन रिक्षात बसायची लाज, काऊंटरवर चार लोकांसमोर ती द्यायची लाज. त्या लाजेतून सुटायचे लोक ३,४५० रुपये देतात आणि मी पण दिले.

पॅकेजमध्ये काय होतं ते नीट लिहिते, कारण बुक करताना मी वाचलं नव्हतं. सीबीसी, जी आधीच झाली होती. टोटल आयजीई, म्हणजे ॲलर्जीत आणि जंतांमध्ये वाढणारी अँटिबॉडी. मग वेगवेगळ्या परजीवींच्या अँटिबॉडी: सिस्टिसर्कस म्हणजे डुकरातल्या पट्टकृमीच्या अळीची, एकायनोकॉकस म्हणजे हायडॅटिड या पाण्याच्या गाठीच्या आजाराची, फायलेरिया म्हणजे हत्तीरोगाची, टॉक्सोकारा म्हणजे कुत्र्या-मांजरांच्या जंताची, आणि अमिबा. अमिबा तर जंत पण नाही, तो एकपेशीय प्राणी आहे. आणि रात्रभर उपाशी राहायला सांगितलं होतं. हिमोग्लोबिन ७.४ असलेल्या बाईला. यातल्या एकाही टेस्टला उपाशी राहायची गरज नसते हे मला सरांकडून नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी रात्री दहा वाजता व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. अकरा पानं. दोन ओळी लाल. आयजीई १,२६० तो वेगळा. फायलेरिया आयजीजी (अँटिबॉडीचाच एक प्रकार) पॉझिटिव्ह. सिस्टिसर्कस आयजीजी "इक्विव्होकल", म्हणजे धड हो पण नाही आणि धड नाही पण नाही. आता रात्री दहाला कोणाला विचारणार? मी शोधलं, तर मेंदूत गाठी, फिट येणं, हेच सगळं समोर आलं. भावाला फोन केला, तो तिकडे रडायच्या बेतात, म्हणे आपल्या घरी तर अंडं पण शिजत नाही, आईला डुकराचा जंत कसा होईल. यांनी सकाळी एमआरआयची चौकशी सुरू केली. आईला काही सांगितलं नाही पण तिला आमच्या तोंडावरून समजलं, ती रात्रभर जागीच होती आणि पहाटे देवासमोर बसलेली दिसली. त्या अकरा पानांमध्ये "घाबरू नका, आधी डॉक्टरांना दाखवा" एवढं एक वाक्य मराठीत असतं तरी चाललं असतं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात इंग्रजीत काहीतरी होतं तसं, पण तिथपर्यंत कोण जातं?

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन सरांकडे गेली. त्यांनी पाहिलं, चष्मा काढला आणि पहिलं विचारलं, "स्टूल दिली का?" मी म्हटलं नाही. मग त्यांनी अर्धा तास दिला, बाहेर पेशंट बसले असताना, आणि एक एक ओळ समजावून सांगितली. ती मी इथे जमेल तशी लिहिते कारण मला वाटतं हे नागपुरात प्रत्येकाला माहीत पाहिजे.

अँटिबॉडी म्हणजे जंत नाही. आपल्या शरीराने त्या जंताला, किंवा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या कशाला, कधीतरी तोंड दिलं त्याची ती खूण. जंत मरून गेला, औषध होऊन गेलं, तरी ती खूण किती तरी महिने, कधी कधी वर्षानुवर्षं रक्तात राहते. म्हणून आयजीजी पॉझिटिव्ह आलं म्हणजे आज अंगात जंत आहे असं होत नाही. दुसरं असं की हे सगळे कृमी एकमेकांचे नातेवाईक, त्यांच्या अंगातले प्रोटीन बरेच सारखे, त्यामुळे एकाच्या विरोधात तयार झालेली अँटिबॉडी दुसऱ्याच्या टेस्टमध्ये पण चिकटते. क्रॉस रिॲक्शन म्हणतात त्याला. आईच्या पोटात साधा दुसराच जंत असेल तरी या टेस्ट थोड्याफार हलू शकतात.

मग त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला गणित करून दाखवलं, ते मी जपून ठेवलं आहे. समजा १,००० लोक आहेत आणि त्यातल्या १० जणांनाच खरा आजार आहे. टेस्ट चांगली आहे, आजारी असलेल्या १० पैकी ९ जणांना पकडते, आणि आजार नसलेल्या १० पैकी ९ जणांना बरोबर निगेटिव्ह सांगते. तर खरे आजारी ९ पकडले गेले. पण उरलेल्या ९९० मधल्या ९९ जणांना पण पॉझिटिव्ह आलं, ज्यांना काहीच नाही. म्हणजे एकूण १०८ लोकांच्या हातात लाल ओळ आणि त्यातले खरे फक्त ९. आकडे समजावण्यापुरते घेतलेले होते पण डोक्यात पक्कं बसलं. टेस्ट खोटी नाही, ती कोणाची केली यावर तिच्या उत्तराची किंमत ठरते. फिट येऊन राहिली आहे, सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसून राहिली आहे, अशा माणसाला सिस्टिसर्कसची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर तिला वजन आहे. लक्षण काहीच नाही आणि पॅकेजमध्ये होती म्हणून केली, तर बॉर्डरलाईन आकड्याला काही अर्थ नाही.

आणि सिस्टिसर्कसबद्दल त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला एकदम नवीन होती. मेंदूत जास्त गाठी असतील तर वेस्टर्न ब्लॉट प्रकारची रक्ताची टेस्ट खूप चांगली पकडते, पण एकच गाठ असेल तर बऱ्याचदा निगेटिव्ह येते, आणि आपल्या देशात एकच गाठ असलेलेच पेशंट खूप दिसतात. साध्या एलायझा प्रकारच्या टेस्टची तर त्याहून कमी खात्री. म्हणजे निगेटिव्ह आली तरी गाठ नाही असं नाही आणि पॉझिटिव्ह आली तरी गाठ आहेच असं नाही, शेवटी स्कॅनच पाहावा लागतो. आईला फिट नाही, डोकेदुखी नाही, डोळ्यांचा त्रास नाही, म्हणून त्यांनी एमआरआय सरळ नाही म्हटलं. शाकाहाराचं मात्र ते म्हणाले की तसं समजू नका, मेंदूतला आजार डुकराचं मांस खाऊन होत नाही, तो माणसाच्या विष्ठेतली पट्टकृमीची अंडी पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात गेली की होतो, त्यामुळे शाकाहारी माणसाला पण होऊ शकतो. कोथिंबीर, मुळा, गाजर नीट धुवा.

फायलेरियाचं तर आपल्याकडे वेगळंच आहे. पूर्व विदर्भ हत्तीरोगाचा जुना पट्टा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली, आपलं नागपूर पण. २०१९ च्या जानेवारीत तीन औषधं एकत्र द्यायची मोहीम देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत सुरू झाली त्यात नागपूर होतं, घरोघरी गोळ्या दिल्या होत्या, कित्येकांना आठवत असेल. अशा भागात आयुष्यभर डास चावून घेतलेल्या बाईच्या रक्तात फायलेरियाच्या अँटिबॉडी निघणं यात नवल काय? मला लहानपणची गोष्ट आठवली, गावात रात्री आरोग्य खात्याचे लोक टॉर्च घेऊन यायचे, आम्हाला झोपेतून उठवून बोट टोचायचे आणि काचेवर रक्ताचे थेंब घ्यायचे. मी आजीला बिलगून रडायची की हे रात्रीच काहून येतात. आता समजलं की त्या जंताची पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या नसांमध्ये दडून राहतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास बाहेरच्या रक्तात येतात, जेव्हा त्यांना पसरवणारा क्युलेक्स डास चावतो. म्हणून रात्रीचं रक्त. आता अँटिजेनची पट्टी निघाली आहे, ती जिवंत जंताचा स्वतःचा अंश शोधते, बोटातलं थोडंसं रक्त लागतं, दहा मिनिटांत वाचता येते आणि दिवसा केली तरी चालते. अँटिबॉडी आणि अँटिजेन हे दोन शब्द ऐकायला जुळे भाऊ वाटतात पण फरक जमीन-अस्मानाचा. आईची अँटिजेन टेस्ट केली, निगेटिव्ह. पाय सुजलेले नाही, काही नाही. एक लाल ओळ तिथे संपली.

आणि आता ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे ते. आईला ज्या जंताची शंका होती तो हुकवर्म, म्हणजे अंकुशकृमी, तो त्या पॅनेलमध्ये नव्हताच! गोल जंत पण नव्हता. आपल्याकडे शेतात, मातीत, लेकरांच्या पोटात जे जंत सगळ्यात जास्त सापडतात त्यांच्यासाठी रोजच्या वापराची रक्ताची टेस्टच नाही, ते संडासात अंडी पाहूनच ओळखतात. मी कस्टमर केअरला फोन करून विचारलं की "पोटातले जंत, पूर्ण तपासणी" लिहिलं आहे तर यात हुकवर्म कुठे आहे. ताई गोड बोलल्या पण त्यांना हुकवर्म म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, त्यांनी मला ४,९०० चं मोठं पॅकेज सुचवलं. त्याची लिस्ट मागवली, त्यात पण हुकवर्म नाही.

खरं म्हणजे रक्तातून जे समजायचं होतं ते अडीचशे रुपयांच्या सीबीसीमध्ये आधीच आलं होतं. बारीक लाल पेशी, म्हणजे लोह कमी, आणि फेरिटिन ६ आल्यावर ते पक्कं झालं. वाढलेले इओसिनोफिल, म्हणजे आतल्या मांसपेशींतून, फुप्फुसातून फिरणारा कोणी कृमी असू शकतो. असू शकतो, एवढंच. दमा, ॲलर्जी, एखादं औषध, यांनी पण इओसिनोफिल वाढतात आणि आयजीई तर धुळीनी पण वाढतो. उलटं पण आहे, इओसिनोफिल नॉर्मल आले म्हणजे जंत नाही असं नाही, लेकरांच्या चुरण्यांमध्ये रक्त बऱ्याचदा एकदम नॉर्मल राहतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी पोरासाठी हेच पॅकेज घ्यायचं ठरवलं होतं, रात्री झोपेत खाजवतो म्हणून. त्याला सकाळी उठल्या उठल्या, धुवायच्या आधी, शीच्या जागेवर पारदर्शक सेलोटेप दाबून ती काचेवर लावून पाहतात, बस. चुरणे रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालतात म्हणून ते संडासच्या टेस्टमध्ये पण सहसा सापडत नाहीत, रक्तात तर विसराच.

मग मी आईला समजावलं. म्हटलं आई, तुझी डबी मी नेते, माझ्या हातानी, तू फक्त दे. शेवटी कशीबशी तयार झाली. पहिला नमुना त्याच लॅबला दिला, त्यांचाच पोरगा सकाळी नऊला घेऊन गेला. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, "ओव्हा नॉट सीन", म्हणजे अंडी दिसली नाहीत. मी तर मान्यच केलं होतं की नाहीत जंत. सरांनी विचारलं किती वाजता दिला, किती वाजता पाहिला, कुठे पाहिला. मी फोन केला तेव्हा समजलं की नमुने दिवसभर बॅगेत फिरतात, मग मुख्य लॅबला जातात आणि तिथे दुसऱ्या दिवशी पाहतात. हुकवर्मचं अंडं नाजूक असतं, पातळ कवचाचं, उबेत ठेवलं तर एक-दोन दिवसांत फुटून अळी बाहेर येते, मग अंडं पाहायला मिळत नाही. म्हणजे "दिसलं नाही" हे खरं होतं, पण पाहायच्या वेळी पाहिलंच नव्हतं.

आता ज्यांना ५ पैकी ५ द्यायचे त्यांच्याबद्दल. मेडिकल चौकाकडे एका गल्लीत छोटीशी लॅब आहे, एक मॅडम आणि त्यांच्या हाताखाली एक मुलगी, दोनच जणी. बाहेरून पाहिलं तर कोणी आत जाणार नाही, पाटी पण अर्धी पुसलेली. मॅडमनी पैसे घ्यायच्या आधी चार प्रश्न विचारले: लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, अँटिबायोटिक घेतलं का, जंताची गोळी आधीच दिली का, एरंडेल वगैरे काही घेतलं का. मग तीन डब्या दिल्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. लघवी मिसळू द्यायची नाही, पाणी लागू द्यायचं नाही, भांड्यात कागद टाकून त्यावर घ्यायची, सुपारीएवढी पुरे, आणि दोन तासांच्या आत आणून द्यायची. "एकाच दिवसाच्या नमुन्यावर नाही म्हणू नका ताई, अंडी रोज सारखी नाही पडत." एका नमुन्याचे १२० रुपये आणि गाळ बसवून पाहायचे वेगळे १००. कॉन्संट्रेशन म्हणतात, म्हणजे नमुना गाळून, मशीनमध्ये फिरवून अंडी खाली एकत्र आणतात, अंडी कमी असली तरी सापडतात.

पहिली डबी, काही नाही. तिसऱ्या दिवशी दुसरी डबी घेऊन मी साडेसातला गेली, तिथेच बाकावर बसली. पंधरा-वीस मिनिटांनी मॅडमनी आतून हाक मारली, "ताई, या, बघा." मायक्रोस्कोपला डोळा लावला. आधी सगळा कचराच दिसला, पिवळट, तंतू, बुडबुडे. मॅडमनी बाजूनी हळूच गोल फिरवलं आणि म्हणाल्या मधोमध पाहा. लांबट गोल, एकदम स्वच्छ, काचेसारखी पातळ कड, आत करड्या चार गोळ्या एकमेकांना चिकटून, आणि कड आणि गोळ्यांच्या मध्ये चहूबाजूंनी मोकळी जागा. ती मोकळी जागाच ओळखायची खूण, मॅडम म्हणाल्या. इतकं सुंदर दिसत होतं ते, आणि त्यानीच माझ्या आईचा जिना चढायचा दम काढून घेतला होता. माझ्या डोळ्यात पाणीच आलं. मॅडमनी काही न बोलता पाण्याचा ग्लास समोर ठेवला.

त्यांनीच सांगितलं की हुकवर्मच्या दोन जाती आहेत, अंडं दोघांचं सारखंच दिसतं, पाहून वेगळं सांगता येत नाही. त्यातली मोठी जात एका दिवसात एक जंत साधारण ०.२ मिली रक्त घालवते. ऐकायला काहीच नाही. पण शंभर जंत असले तर रोजचं २० मिली, म्हणजे चार चमचे, महिनोन्महिने. बाई भाजी-भाकरीवर कितीक लोह भरून काढणार? आणि शिरतो पायाच्या कातडीतून, ओल्या मातीतून.

सरांनी अल्बेंडाझोल ही जंताची गोळी दिली आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. सोबत हे पण म्हणाले की हुकवर्म सापडला म्हणून या वयात तिथेच थांबायचं नाही, पोटातून दुसरीकडून रक्त जाऊन राहिलं का ते पाहायलाच पाहिजे, म्हणून दुर्बिणीची तपासणी करवून घेतली, सुदैवाने काही निघालं नाही. सिकलसेल पण नाही. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.९, इओसिनोफिल ४१०. आणि आईनी कच्चे तांदूळ खाणं कधी सोडलं ते तिला पण आठवत नाही.

रक्ताची टेस्ट कधीच करू नका असं मी म्हणत नाही, तसं कोणी समजू नका. मी सरांना हेच विचारलं, मग रक्त कशासाठी. ते म्हणाले सोनोग्राफीत लिव्हरमध्ये पाण्याची गाठ दिसली, घरी मेंढरं-कुत्री आहेत, तर हायडॅटिडची अँटिबॉडी कामाची, लिव्हरमध्ये असेल तर फुप्फुसापेक्षा जास्त चांगली पकडते. रात्री रात्री खोकला, दमा वाटतो पण इओसिनोफिल ३,००० च्या वर, तर फायलेरियाची अँटिबॉडी पाहायची, कारण त्या आजारात बाहेरच्या रक्तात जंताची पिल्लं सापडतच नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं स्ट्राँगिलॉइड्स नावाचा जंत, तो पण मातीतून पायावाटे येतो, अंगातल्या अंगात पिढ्या वाढवत दशकं राहू शकतो, संडासात अळ्या कधी पडतात कधी नाही, तिथे रक्ताची अँटिबॉडी टेस्ट संडासपेक्षा जास्त पकडते. अशा माणसाला कोणी सांधेदुखीसाठी, दम्यासाठी स्टिरॉइड सुरू केलं तर तोच जंत अंगभर पसरून जीव घेऊ शकतो. म्हणून सरांनी आईला सगळ्यात आधी विचारलं होतं की गुडघ्यासाठी गावात कोणाकडून इंजेक्शन-गोळ्या तर नाही ना घेतल्या. म्हणजे प्रश्न आधी, टेस्ट मागून. त्या पॅकेजमध्ये प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं, आणि स्ट्राँगिलॉइड्स पण नव्हता.

मी लॅबला ईमेल केला आहे. पैसे परत मागितले नाहीत. एवढंच लिहिलं की "पोटातले जंत, पूर्ण तपासणी" ही ओळ काढा, बुकिंगच्या आधी लिहा की यात हुकवर्म आणि गोल जंत येत नाहीत, त्यांच्यासाठी संडासची तपासणी लागते, आणि संडासचा नमुना दुसऱ्या दिवशी पाहणार असाल तर ते घेतानाच सांगा. उत्तर आलं की तुमचा अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे. तीन आठवडे झाले, ओळ अजून तशीच आहे. काढली तर मी इथे येऊन स्टार वाढवीन.

एका गोळीत प्रत्येकाचे सगळे जंत जातातच असं नाही म्हणून आईच्या तीन डब्या पुन्हा दिल्या, तिन्ही साफ. आता आई स्वतःच पाठीमागे लागली आहे की सुनेची न् नातवंडांची पण करा, सगळेच त्याच बांधीत उतरतात. पोरांना शाळेत १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाची गोळी मिळते, १९ वर्षांपर्यंत, पण वहिनीला कोण देणार, ती पण दिवसभर "थकवा आहे" म्हणूनच राहते. अडचण एकच होती, पवनीहून डबी घेऊन बसनी यायचं म्हणजे दोन तास तिथेच संपतात. म्हणून शनिवारी रात्री भाऊ, वहिनी आणि दोघं पोरं आमच्याकडेच मुक्कामाला येऊन राहिले. मॅडमना मी विचारून घेतलं, रविवारी सकाळी साडेसातला लॅब उघडून ठेवतो म्हणाल्या. चार डब्या आणून ठेवल्या आहेत, नावं आईनी स्वतः लिहिली.